कीर्तन आलं, महाराज गेले

या, असे जवळ येऊन बसा. चपला तिथंच राहू द्या. या घराच्या दारातून आजवर चप्पल गेलेली नाही. एकदा एकाची दुसऱ्याच्या पायात गेली होती, पण ती अदलाबदल माझ्याशीच झाली आणि मला मिळालेली जास्त चांगली होती, म्हणून मी ते प्रकरण उकरून काढलं नाही. मोबाईल उलटा ठेवा. मांडी घालून, कीर्तनाला बसतो तसं बसा, कारण आज जे आख्यान लावणार आहे ते कीर्तनाचंच आहे. त्यात ॲम्प्लिफायर, बॅटरी आणि ट्रॅफिक हवालदार जरा जास्त येतील, तो दोष काळाचा. ऐका मात्र शेवटपर्यंत. मधूनच उठून गेलेल्याला काल्याचा प्रसाद मिळत नाही.

मी किसनराव. अमरावतीला राहतो, एका सरकारी खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. व्यसन एकच, कीर्तन. आणि कीर्तनातही एकच बुवा, तेल्हाऱ्याकडचे देवमन महाराज. घरची काळी जमीन, दिवसभर कपाशीत आणि संध्याकाळी मांडवात असा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यांचा दम अख्ख्या वऱ्हाडात प्रसिद्ध. वरचा सूर धरला की महाराज सोडायचेच नाहीत. समोर बसलेली माणसं आपलाच श्वास घ्यायची विसरायची. शेवटी सूर सुटला की मांडवभर एकदम सुस्कारा उठायचा, जशी काही पाचशे सायकलींची हवा सोडली.

मग महाराजांचा घसा बिघडला. डॉक्टरांनी गाणं कायमचं बंद केलं. आता बोलतात तेही कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर पाय टाकल्यासारखं, खरखर. मागच्या वर्षी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "किसनभाऊ, मानसं म्हन्तात महाराजाचा दम लय मोठा होता. मी तं कधी आयकलाच नाई."

"काहून महाराज?"

"मी गाऊन राहिलो होतो नं बाप्पा!"

आता मला सांगा, असं वाक्य ऐकून कोणाचं काळीज हलणार नाही? माझ्याजवळ महाराजांचं एक कीर्तन होतं. अकोटच्या सप्ताहातलं, काल्याचं. तिथल्या मंडपवाल्यानं हौसेनं एक माईक महाराजांसमोर आणि एकेक दोन्ही बाजूंच्या टाळकरी-मृदंगवाल्यांसमोर लावून कॅसेट भरली होती, ती मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती. मोबाईलवर महाराजांना ऐकवली, तर म्हणाले, "हे तं डब्यात माशी घुमल्यावानी हाय." माझ्या तोंडातून निघून गेलं, "महाराज, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अकोल्याले हाय नं? तिथून घरी मी आनतो तुमाले, माह्या गाडीत. पूर्ण कीर्तन ऐकवतो. मांडवात बसल्यावानी."

महाराजांचा चेहरा असा काही उजळला की मी शब्द परत घेऊ शकलो असतो तरी घेतला नसता.

घरी येऊन गाडीत कीर्तन लावलं आणि लक्षात आलं, आपण डब्यातल्या माशीऐवजी पिपातल्या माशीचा वायदा केलाय. कंपनीनं दिलेल्या टेपवर (आत टेप नसते, पण आमच्याकडे त्याला टेपच म्हणतात) चिपळ्या तेवढ्या कानात घुसायच्या आणि मृदंग म्हणजे कोणीतरी पुठ्ठ्यावर बोटं वाजवतंय.

शेजारचे श्यामभाऊ कुंपणावरून ऐकतच होते. ते वीज खात्यातून निवृत्त, त्यामुळे तार या विषयावर अखेरचा शब्द त्यांचा. त्यांच्या घरातली बेल मात्र गेल्या दिवाळीपासून वाजत नाही, तो भाग वेगळा.

"स्पीकर बदला," श्यामभाऊ म्हणाले. "अन् तार जाड टाका. जगात जे काई बिघडते ते बारीक तारेनं बिघडते."

झालं. आम्ही दोघं 'करिश्मा कार डेकोर'वर गेलो. मालक प्रीतम, दाढी कोरलेली, बोलणं मधाळ. करिश्मा ही त्याची मुलगी. मी कीर्तनासाठी स्पीकर हवेत म्हणालो तेव्हा त्यानं माझ्याकडे अशा आदरानं पाहिलं की मला वाटलं हा पाया पडतो. पण तो दाराचं पॅनल उघडायला वाकला होता.

मागचं दार उघडलं आणि माझी पहिली बेइज्जती झाली. दाराला बाहेरून स्पीकरची जाळी, आत काहीच नाही. पोकळी, आणि एक चिंधीचा बोळा.

"काका, या मॉडेलले मांगं स्पीकर येतच नाई. नुस्ती जाळी असते, शोभेची."

अहो, पाच वर्षं मी पाहुण्यांना मागं बसवून, आवाज मुद्दाम मागं सारून विचारत आलो होतो, "येते नं आवाज?" आणि आमचे व्याही, माझे साहेब, देवळाचे विश्वस्त, सगळ्यांनी मान डोलावून "वा, वा!" म्हटलं होतं. माणसाच्या भिडस्तपणावर बसवलेली ही जाळी पाहून मला क्षणभर वैराग्यच आलं. त्या दिवशी पुढचे दोन स्पीकर तेवढे बसवून घेतले आणि मागच्यांकडे मानभंगामुळे पाहिलंही नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवून ठेवावं हा माझा सरळ स्वभाव. तिथं काउंटरवर आकांक्षा नावाची मुलगी बसते. तिनं गोड हसून सांगितलं, "सर, तार कापली की वॉरंटी संपली."

"तसं कुठं लिहिलेलं दाखव बेटा."

"तुम्ही अर्ज करा सर, मग आम्ही दाखवतो. सोबत दोन प्रती जोडा."

मित्रहो, तीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. शब्द तेच, हसूही तेच. देव उधारी ठेवत नाही हे महाराज नेहमी सांगायचे, पण ती वसूल करायला तो असा काउंटर उघडून बसतो हे त्या दिवशी कळलं. अर्ज केला. अजून विचाराधीन आहे.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नव्या स्पीकरला जुन्या टेपचा जोर पुरेना, म्हणून ॲम्प्लिफायर आला. ॲम्प्लिफायरचा आवाज दाराच्या पत्र्याला मानवेना, म्हणून दारात काळे चिकट पत्रे आले. ते बसवताना डाव्या काचेची खिटी तुटली आणि काच अर्ध्यावर थांबली ती थांबलीच. आणि मृदंगाचा घुमारा यावा म्हणून प्रीतमनं डिकीत एक खोकं ठेवलं, त्याला तो 'बेस' म्हणायचा. त्यात आमच्या संसाराची अख्खी डिकी गेली.

"आयकलं काय," शकुन म्हणाली. शकुन म्हणजे आमच्या सौ., आणि दाय म्हणजे डाळ. "मायच्या घरून तुरीची दाय आनाची हाय. वीस किलोचा कट्टा कुठं ठेवू? तुमच्या मृदंगावर?"

"मांगच्या सीटवर ठेव."

"मंग दायीले कीर्तन आयकवा. तिले तरी वेळ हाय."

मृदंगाचा घुमारा मात्र आला. इतका आला की पंचवटी चौकात सिग्नलला थांबलो असताना हवालदारानं अर्ध्या काचेतून डोकं आत घातलं.

"काका, या वयात डीजे?"

"साहेब, कीर्तन हाय."

"ते आयकू येऊन राहिलं मले. पन त्या पानठेल्यावरच्या बरन्या नाचून राहिल्या, त्याचं काय?"

"मृदंग हाय तो."

"कीर्तनाचा आवाज मोजाची मशीन येगळी असते काय?" असं म्हणून त्यानं पावतीपुस्तक काढलं. मग थांबला, कान दिला. "बुवा कोन हाय हो?"

"देवमन महाराज, तेल्हाऱ्याचे."

"काय दम हाय राजा!" म्हणाला, आणि सूर संपेपर्यंत पेन हवेत धरून उभा राहिला. मागं गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. सूर संपला, पावती फाडली, नमस्कार केला. इतका भाविक दंड मी आयुष्यात भरला नाही.

त्यानंतर भाजीबाजारात बॅटरी बसली. हातात मेथीच्या जुड्या घेऊन शकुन गाडी ढकलतेय आणि मी स्टिअरिंगवर, हे दृश्य आमच्या नात्यातल्या नेमक्या त्याच माणसांनी पाहिलं ज्यांनी पाहायला नको होतं. नवी, मोठी बॅटरी आली. श्यामभाऊ म्हणाले, "मी म्हनलंच होतं," पण काय म्हटलं होतं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

इतक्यात अकोल्याहून फोन आला. महाराजांची नात आरती तिथं नर्सिंग शिकते. "किसनआबा, आमच्या आबाचं ऑपरेशन झालं. उद्या सुट्टी. ते सकायपासून एकच इचारून राहिले, गाडी कवा येते."

मी गाडी घेऊन प्रीतमकडे धावलो. म्हटलं, आज सगळं शेवटचं करून टाक. मागच्या दारात खरोखरचे स्पीकर बसव, खोक्याचा जोर कमी कर, तारा नीट बांध. प्रीतमनं भराभर सगळं उघडलं, भराभर बांधलं. त्याला धामणगाव रेल्वे या गावी साळ्याच्या लग्नाला जायचं होतं. एक पाय दुकानात, एक मोटरसायकलवर. शेवटी "धडाम धडाम" असं काहीतरी लावून दाखवलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी माना वळवल्या, आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला नारळ ठेवून मी एकटाच अकोल्याकडे निघालो. बडनेऱ्याच्या पुढं कीर्तन लावलं आणि अंगावर काटा आला. काय ते टाळ! एकेक वेगळा ऐकू येत होता. मृदंग जणू डिकीत मांडी घालून बसलेला. डावीकडून टाळकरी, उजवीकडून टाळकरी, मी मधे. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पांडुरंगा, दायीचा कट्टा, दंड, मेथी, सगळं पावलं.

महाराजांची वाट पाहू लागलो. म्हटलं, गजर लांबला असेल. मूर्तिजापूर आलं, गजर चालूच. म्हटलं, त्या दिवशी महाराज उशिरा उभे राहिले असतील. पण हे कीर्तन मी शेकडो वेळा ऐकलेलं! मूर्तिजापूरच्या पुढं माझ्या डोक्यात उजेड पडला. टाळकरी बुवांचीच ओळ उचलत होते. ओळ देणाऱ्याच्या जागी शांतता होती. कीर्तन होतं, महाराज नव्हते.

प्रीतमला फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"महाराज गेले रे प्रीतम!"

"अरेरे! काका, वाईट झालं. कवा?"

"अबे, गाडीतून गेले! आवाजच येत नाई त्यायचा!"

"दुसरं गानं लावून पाहा बरं."

मी रेडिओवर गाणं लावलं. बाई गायब, वाजंत्री शिल्लक.

"हे तं काका कराओके झालं! लोकं याच्यासाठी येगळी मशीन घेतात!" आणि बँडनं त्याला गिळलं. नंतर फोन बंद.

अकोल्यात एका दुकानात गेलो. त्यानं आतल्या तारा पाहून हात मागं घेतले. "दुसऱ्याच्या कामाले आमी हात नाई लावत काका. ज्यानं बांधलं त्यानंच सोडाव."

दवाखान्याच्या दारात महाराज काळा चष्मा लावून उभेच होते, नवं धोतर, कपाळी बुक्का. जसे काही कीर्तनालाच निघालेत. पुढच्या सीटवर बसले, मागं आरती.

"लावा किसनभाऊ."

"महाराज, डोयाचं ऑपरेशन हाय. आवाजाचा दणका बसन."

"डॉक्टरनं डोया बांधला. कान नाई बांधले."

आता काय करता? लावलं. अकोट रस्त्याला लागलो. टाळ वाजू लागले. महाराजांनी ताठ बसून मांडीवर ताल धरला. "आता मी येतो पाहा," आरतीला म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "आता येतोच." मी रस्त्याकडे असं पाहत होतो जसं त्या रस्त्यावर लिहिलेलं काही वाचतोय.

"किसनभाऊ," शेवटी ते म्हणाले, "मी कुठं हाव?"

"महाराज... तुमी नाई आहा."

"नाई म्हन्जे?"

"माह्या गाडीनं खाल्ले तुमाले." आणि मी सगळं सांगून टाकलं. स्पीकर, खोकं, प्रीतम, साळ्याचं लग्न.

महाराजांचं पोट हलू लागलं. हसत होते. "आरती, पाह्यलं काय? जलमभर मी लोकायले सांगत राहिलो का मी-पन सोडा, मी-पन सोडा. कोनाचं सुटलं नाई, माहंही नाई. किसनभाऊच्या मशीननं एका दिवसात सोडोलं!"

मी बंद करायला हात नेला. "राहू द्या," ते म्हणाले. "मांडव तं हाय नं."

चोहोट्ट्याच्या अलीकडे आरतीनं विचारलं, "आबा, हा डाव्या हातचा कोन हाय? सगळ्यायच्या वर जाते तो?"

"तो पुंजाराम. अकोटचा माळी. भाजी विके, अन् सप्ताह असला का माह्या मांगं टाळ घेऊन उभा. चांगला मानूस, पन लय घाई. माही ओळ संपाच्या आंधी उचले. मी भर मांडवात थांबून म्हनो, पुंजाराम, मले संपू तं दे! सारे हासत. तो बिचारा मान खाली घाले, अन् पुढच्या ओळीले पुन्हा तेच."

कीर्तनात महाराजांचा तो प्रसिद्ध वरचा सूर यायची जागा आली. महाराजांना राहवलं नाही. रिकाम्या जागेत ते आपल्या त्या खरखरत्या गळ्यानं, अगदी पुटपुटत, पण नेमक्या मापानं गाऊ लागले. जागा तीच, श्वास तोच. गळा विसरला होता, छाती नव्हती विसरली. श्वास संपला. आणि बरोबर तिथं, केसभरही मागंपुढं नाही, डावीकडून पुंजारामचा आवाज उठला आणि सूर वर घेऊन गेला. लांब, लांब, लांब.

महाराजांनी हात वर केला. "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. पुन्हा गायले, पुन्हा श्वास संपला, पुन्हा पुंजाराम. पुढची जागा, तसंच. त्याच्या पुढची, तसंच.

"हा घाई नोता करत," महाराज म्हणाले. "माहा दम तुटे तिथं हा धरे. मी समजो का माहाच आवाज मांडवात घुमून राहिला." चष्म्याखालून पाणी आलं तशी आरती पुढं वाकली, "आबा, डोयाले पानी चालत नाई!" "मंग डोयाले सांग," ते म्हणाले. मग हळूच बोलले, "लोकं म्हनत, महाराजाचा काय दम हाय. अन् त्याले मी चारचौघात बोलो."

पुंजाराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. अकोटला महाराजांनी गाडी बाजारात घ्यायला लावली. पुंजारामची म्हातारी, गोदाबाई, अजून तिथं वांगी घेऊन बसते. महाराजांनी तिला हात धरून माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः खिडकीशी उभे राहिले. मी तीच जागा लावली.

गोदाबाई आधी टोपलीकडे पाहत होती, गाय येते की काय म्हणून. मग मान वर झाली. पुंजारामचा सूर वर गेला तशी तिनं डोक्यावरचा पदर सावरला, घरात माणूस आल्यावर सावरतात तसा.

"हाव, तेच हायत," ती म्हणाली. मग ओळ सुटली तेव्हा हसली. "अजून घाईच करून राहिले! जेवतानीही अशेच. भाकर तव्यावर, अन् याहीचा हात पुढं."

"नाई वैनी," महाराज म्हणाले. अर्ध्या काचेवर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते. "घाई नोती ते. चूक माही होती. त्याच्या दमावर मी मोठा झालो."

गोदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "मंग त्यायले मालूम नोतं काय? घरी येऊन सांगत, आज महाराज तीनदा बोल्ले, म्हन्जे तीनदा बरोबर धरलं." आणि उतरून गाडीत किलोभर वांगी टाकली. पैसे घेतले नाहीत.

महाराजांना घरी सोडलं. प्रीतमनं लग्नाहून येऊन दोष शोधला. डाव्या-उजव्या स्पीकरच्या एकेक तारा त्यानं घाईत एकत्र बांधल्या आणि गाडीच्या पत्र्याला जोडायच्या विसरला. त्यामुळे जो आवाज दोन्हीकडून सारखा येतो, म्हणजे मधल्या माईकचा, तो आपापसात कापला जायचा, बाजूचे तेवढे उरायचे. "आता सरळ करून देतो काका," म्हणाला.

मी म्हटलं, "सरळ कर. पन एक बटन बसव. दाबलं का पुन्हा असंच झालं पाह्यजे."

"काका, बिघाड बसवून मागनारे तुमी पह्यलेच!" पण बसवलं. श्यामभाऊंच्या मते त्या बटनाची तार बारीक आहे.

तर असं हे आख्यान. दक्षिणा नको, तुरीची डाळ नको, फक्त एक करा. आता कुठं कीर्तनाला बसलात, बुवांनी वरचा सूर धरला, तुम्ही श्वास रोखलात आणि "काय दम हाय राजा" असं तोंडाशी आलं, की जरा मागं पाहा. टाळ घेऊन, मान खाली घालून कोणीतरी उभा असेल. त्याचं नाव तुम्हाला माहीत नसेल. तेव्हा आमच्या अकोटच्या पुंजारामची आठवण काढा.